आगोट, सहल आणि गावची वाट

हा लेख लिहीत असताना पितृपक्ष चालू आहे. दसरा झाला की आम्ही नेरूळहून राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी जाणार आहोत. तयारी म्हणून विशेष काही नाही. पण परवा गावच्या चुलतभावाचा फोन आला आणि जाण्याचे कारणच बदलले. तो म्हणाला, "दादा, माजघराच्या भिंतीत पाणी उतरलंय. दोन वासे गेलेत. मे महिन्यात येऊन कौलं चाळून घेतली असतीत तर ही पाळी आली नसती."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तरी फोन ठेवल्यावर मी मोबाइलमधली मे महिन्याची छायाचित्रे काढून बसलो. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात माथेरान, मग एक दिवस कर्नाळा, एक दिवस घारापुरी, आणि मेच्या सुरुवातीला एका सकाळी सीवूड्सच्या खाडीकाठी रोहित पक्ष्यांचे थवे. मुलांचा उन्हाळा चांगला गेला होता. त्या साऱ्या छायाचित्रांत गाव मात्र कुठेच नव्हते. माझ्या आजोबांच्या मे महिन्यात गावाखेरीज दुसरे काही नव्हते. तीन पिढ्यांत मे महिना गावाकडून सहलीकडे कसा गेला, हे शोधायला लागलो तेव्हा लक्षात आले की ही एका घराची हकिगत नाही. ती मुंबईची, कोकणाची आणि नवी मुंबईची मिळून एक हकिगत आहे.

थंड हवा आणि तापलेली गिरणी

उन्हाळ्यात मुंबई सोडून बाहेर जाण्याची रीत दोन टोकांच्या माणसांनी पाडली. एक टोक राज्यकर्त्यांचे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, महाबळेश्वर हे आरोग्यस्थान म्हणून वसू लागले. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यात, असा क्रमच पडला. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले आणि मुंबईला आणखी जवळचे थंड हवेचे ठिकाण मिळाले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळहून वर छोटी रेल्वे नेली, तेव्हा पालखी आणि घोडा न परवडणाऱ्या मध्यमवर्गालाही ती चढण साधली. आज आपण ज्याला मे महिन्याची सहल म्हणतो, तिचा उगम असा साहेबाच्या घामात आहे.

दुसरे टोक गिरणगावाचे. तिथला माणूसही मे महिन्यात मुंबई सोडत असे; पण तो डोंगरावर जात नव्हता, घरी जात होता. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे नाव दीर्घकाळ अग्रभागी राहिले. हा कामगार एका खोलीत दहा-बारा गाववाल्यांबरोबर राही, खानावळीत जेवी आणि महिन्याला मनीऑर्डर धाडी. बायको-मुले बहुतेक गावीच. माझे आजोबा लालबागला असेच राहिले. ते गिरणीत साच्यांवर होते. वर्षाकाठी एकदा, कधी दोनदा ते घरी येत.

या ये-जा करणाऱ्या कामगाराबद्दल गिरणीमालकांची जुनी तक्रार होती. तो टिकत नाही, शेतीच्या वेळेला पळतो, असे ते म्हणत. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने हा प्रश्न तपासला आणि १९३१ च्या अहवालात वेगळाच निष्कर्ष काढला. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते त्याचे बळ आहे. त्याच्या जाण्यायेण्याला फक्त नियमित रूप द्यावे, असा त्याचा आशय होता. गावचे घर हा शहरातल्या अस्थिर नोकरीचा विमा आहे, हे आयोगाने ओळखले होते. या विम्याचा हप्ता कुठे आणि कधी भरला जाई, हे मात्र कोकणातल्या माणसाला आयोगाने सांगण्याची गरज नव्हती. तो मे महिन्यात, घराच्या छपरावर चढून भरला जाई.

शेवटच्या बोटीचे वेळापत्रक

कोकणातला माणूस मेमध्येच का येई? मुलांची सुट्टी, आंबे, फणस ही कारणे आपल्याला चटकन सुचतात. पण खरे कारण समुद्र होते.

रेल्वे १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावली आणि काही वर्षांत घाट चढून देशावर पोहोचली. कोकणपट्टी मात्र तिच्या वाटेबाहेर राहिली. दक्षिण कोकणात जायचे तर आगबोट हाच राजमार्ग होता. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही, आणि ट्रंका, बोचकी, पोरे यांच्यासह उतारू पडावात उतरत. लाट वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचे, हे ज्ञान त्या काळी प्रत्येक चाकरमान्याला होते.

हा राजमार्ग पावसाळ्यात बंद होई. मेच्या अखेरीस समुद्र खवळायला लागला की कोकण किनाऱ्याच्या बोटी थांबत, आणि पुन्हा सुरू होत त्या नारळी पौर्णिमा उलटून दर्या निवल्यावर. मधल्या महिन्यांत जायचे तर रेल्वेने कोल्हापूर गाठून आंबा घाट उतरायचा, असा लांबचा आणि खर्चाचा वळसा पडे. बंदराच्या आतल्या, कुलाबा जिल्ह्याकडे जाणाऱ्या छोट्या बोटी पावसातही चालत. पण त्यातला धोका १७ जुलै १९४७ रोजी सगळ्या मुंबईला कळला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या होती. सणाला घरी निघालेले कितीतरी जण त्या बोटीवर होते. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते.

म्हणून मे महिना हा सुट्टीचा महिना नव्हता. तो मुदतीचा महिना होता. गणेशचतुर्थी कधी ऑगस्टअखेर येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. ती लवकर आली तर बोट मिळण्याची खात्री नसे. शेवटच्या बोटीच्या आत जे काम उरकले ते उरकले; राहिले ते पाऊस संपेपर्यंत राहिले.

आगोटीची कामे

या मुदतीला कोकणात एक नेमका शब्द आहे: आगोट. पावसाच्या तोंडावरचे ते दिवस आणि त्या दिवसांतली बेगमी, दोन्ही त्या एका शब्दात येतात. आगोटीला घराघरांत जी धांदल उडे तिची यादी केली तरी दमायला होते. लाकूडफाटा आणि शेणी खोपीत भरायच्या. मसाला कांडायचा. सुकी मासळी, मीठ, डाळी, कांदे भरून ठेवायचे. आमसुले वाळवायची, आंब्या-फणसाची साठे घालायची, आठळ्या मातीत पुरायच्या. पडवीला झावळ्यांचे झाप बांधायचे, नाहीतर आडवा पाऊस भिंत खातो. शेतात कवळ तोडून भाजावळ आधीच झालेली असे. आता धूळपेरणीसाठी नांगर नीट करायचा.

आणि कौले चाळायची. मंगलोरी असोत की नळीची, वर्षभरात माकडे, मांजरे आणि पडणाऱ्या नारळांनी कौले सरकतात, फुटतात. एकाने वर चढून फुटकी काढायची, दुसऱ्याने खालून चांगली द्यायची, वासे-रिपा ठोकून पाहायच्या, वाळवी लागली असेल तो वासा बदलायचा. हे काम दोन-तीन दिवसांचे; पण त्याला घरचा माणूस लागतो. मजूर कौल बदलतो. कोणता वासा आजोबांच्या हातचा आणि कोणता परवाचा, हे त्याला ठाऊक नसते.

हे काम न करणाऱ्याला शिक्षा ताबडतोब मिळत नाही, ही त्यातली फसवी गोष्ट आहे. पहिल्या वर्षी भिंतीवर एक ओल दिसते. दुसऱ्या वर्षी मातीचा गिलावा सुटतो. तिसऱ्या वर्षी वासा जातो. कोकणात पडलेल्या घरांच्या ज्या जोत्यांवर आज रानटी झुडपे उगवली आहेत, त्यांतली बरीच घरे कोणी पाडलेली नाहीत. एखाद्या मे महिन्यात त्यांच्याकडे कोणी आले नाही, आणि मग पुढच्या मेमध्येही आले नाही, एवढेच घडले.

छपराचा हा विमा कामी आला १९८२ मध्ये. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्या काळात मोठ्या संख्येने कामगार कुटुंबे गावी परतली, कारण परतायला छप्पर शिल्लक होते. माझे आजोबा त्यांतलेच एक. ते पुन्हा मुंबईला नोकरीसाठी आले नाहीत.

रस्ता झाला, मुदत संपली

मे महिन्याची सक्ती सैल केली ती रस्त्याने. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी एसटी धावली. पुढच्या दशकांत मुंबई–गोवा रस्त्यावरच्या नद्या-खाड्यांवर पूल होत गेले, तशी एसटी कोकणात खोलवर शिरली. लाल गाडी पावसातही चाले. बोटीला जो ऋतू बंद होता, तो एसटीने उघडला, आणि भाद्रपदातली गावची फेरी सर्वांच्या आवाक्यात आली. बोट हळूहळू मागे पडली. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे आज साठीपुढच्या लोकांच्याच तोंडी ऐकू येतात.

मग रेल्वे आली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस, मधू दंडवते आणि ई. श्रीधरन ही तीन नावे त्या कामाशी कायमची जोडली गेली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. त्या वर्षापासून पनवेलला रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी राजापूर रोडला उतरू लागला.

सोय वाढली तशी फेरी आखूड झाली. ज्याला कधीही जाता येते, त्याला अमुकच वेळी जायला हवे असे राहत नाही. आजोबा मेमध्ये महिनाभर राहत. वडील मेमध्ये दहा दिवस आणि गणपतीला पाच दिवस. आम्ही गणपतीला चार दिवस, मेमध्ये जमले तर. आणि जो चार दिवसांसाठी आरत्या म्हणायला येतो, तो भर पावसात छपरावर चढत नाही. भाद्रपद हा घर पाहण्याचा महिना आहे, घर दुरुस्त करण्याचा नाही. कौलांचा महिना मेच.

रस्ता सुरक्षित झाला असेही म्हणवत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्यात गेलेल्या दोन एसटींपैकी एक राजापूर–बोरिवली होती. आमच्या तालुक्यात त्या रात्री कोण झोपले असेल! महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या खड्ड्यांची चर्चा अजून दर गणपतीच्या आधी होते.

खाडीपलीकडचे शहर

माझे वडील गावी परतले नाहीत. ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यांना काम मिळाले आणि पुढे नेरूळला सिडकोचे छोटे घर. गिरणगावातून, चाळीतून, घाटावरून निघालेल्या असंख्य कुटुंबांसारखेच आम्ही खाडीपलीकडच्या शहरात आलो.

हे शहर कागदावर जन्मले. मुंबईची गर्दी पूर्वेकडच्या मुख्य भूमीवर न्यावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात ९५ गावे, आणि वीस लाख लोकवस्तीचे लक्ष्य. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. त्याआधी मुंबईहून गाडीने पनवेल गाठायचे तर ठाण्याचा वळसा होता. १९९२ मध्ये लोकल वाशीला आली, १९९८ मध्ये पनवेलला. ज्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याच वर्षी नवी मुंबईची लोकल तिच्या उंबरठ्याला जाऊन टेकली.

या शहराच्या वाट्याला सहली आयत्या आल्या. १९६८ चे कर्नाळा पक्षी अभयारण्य गोवा महामार्गावरच आहे. पनवेलहून नेरळ-माथेरान लांब नाही. ठाणे खाडीतल्या रोहितांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल सुरू झाली. सकाळी निघून रात्री घरी, अशी सहल इथल्या मुलाला सहज मिळते. माझ्या मुलांना गव्हर्नराचा उन्हाळा मिळाला आणि पणजोबांचा सुटला, असे म्हणायला हरकत नाही.

पण या शहराचा विचार करताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. आम्ही ज्या जमिनीवर राहून 'गावी जातो' असे म्हणतो, ती जमीनच कुणाचे तरी गाव होती. त्या ९५ गावांतले आगरी आणि कोळी कुठे गेले नाहीत. त्यांच्या पायाखालून मिठागरे, भातखाचरे आणि खाडीची मासेमारी गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई–दास्तान फाट्याच्या परिसरात शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. आमच्या इमारतीसमोरच्या गावठाणातली आजी एकदा माझ्या आईला म्हणाली होती, "तुमी गावाला जाताव, आमचा गाव आमच्यातशीच गेला." या वाक्यावर आईला उत्तर सुचले नाही. मलाही अजून सुचलेले नाही.

शेजारी कोपरखैरणेत माथाडी कामगारांची वस्ती आहे. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मशीद बंदरहून इकडे आला आणि त्यामागून सातारा, सांगलीकडची माणसे आली. त्यांचा उन्हाळा अजून गावाचा आहे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात आणि देवाची पालखी चुकवायची नसते, म्हणून ते जातातच. आमचा मोठा सण पावसात, त्यांचा उन्हात. त्यांच्या गावच्या घरांना उन्हाळ्यात घरचा माणूस दिसतो, आमच्या घरांना दिसत नाही, यामागे एवढे साधे कारणही असू शकते.

हप्ता

गावचा विमा आता कशाला लागतो, असा प्रश्न कुणी विचारील. २०२० साली त्याचे उत्तर मिळाले. टाळेबंदीत लोक पनवेलवरून पायी निघाले, नंतर ई-पास आणि विलगीकरणाचे दिवस सोसून गणपतीला पोहोचले. शहराने दार लावले तेव्हा पुन्हा एकदा छप्पर आठवले. १९८२ मध्ये आणि २०२० मध्ये ते सापडले, कारण मधल्या कुठल्या तरी मे महिन्यांत कुणीतरी वर चढले होते. आमच्या घरी तो माणूस माझा चुलतभाऊ होता. त्याचे स्वतःचे घर पलीकडे आहे. आमचे छप्पर त्याने इतकी वर्षे कोणी न सांगता चाळले. आता त्याचे गुडघे गेले आहेत आणि त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे.

सहली चुकीच्या होत्या असे मला म्हणायचे नाही. माथेरानच्या लाल वाटेवर मुले ज्या आनंदाने धावली, त्याचा हिशोब वाशांशी मांडता येत नाही. पण आम्ही मे महिना दुसऱ्या कुणाच्या जिवावर मोकळा केला होता, हे फोन येईपर्यंत आम्ही पाहिले नव्हते.

दसऱ्यानंतर जाऊ तेव्हा भात कापणीला आलेले असेल, पाऊस परतीचा असेल, आणि सुतार वासे बघायला येणार आहे. सागाचे परवडणार नाहीत. फणसाचे मिळतील, असे चुलतभाऊ म्हणतो. तोवर छपरावर ताडपत्री. मुलांनी विचारले, तिथे काय काय बघायचे? मी म्हटले, या खेपेला घर बघू. कौले काढून वासे बदलायचे काम मात्र आता होणार नाही. ते मे महिन्यात. मुलांच्या परीक्षा संपल्या की पहिला आठवडा त्यासाठी ठेवला आहे, आणि चुलतभावाला तसे कळवले आहे. खालून कौले द्यायला दोन पोरे आहेत, एवढे मी त्याला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "आधी या तर."